‘गर्भारपणातली प्रत्येक गोळी बाळाच्या मेंदूत उतरते’: हा दावा कुठे कुठे चुकतो

दोनेक महिन्यांपूर्वी रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार आहे. सात वर्षं लॅमोट्रिजिन चालू आहे आणि तेव्हा नुकताच अकरावा आठवडा लागला होता. "ताई, तीन दिवस झाले, मी गोळी घेतलेली नाही. तू रागावशील म्हणून बोलले नाही." कारण विचारलं तर तिने मला एक मजकूर पाठवला. पुढच्या आठवड्याभरात तोच मजकूर आणखी चौघींकडून माझ्याकडे आला.

त्यात म्हटलं होतं ते थोडक्यात असं: गर्भारपणात आईने घेतलेली प्रत्येक गोळी वार (प्लासेंटा) ओलांडून बाळाच्या मेंदूत उतरते. थॅलिडोमाइडसुद्धा डॉक्टरांनी ‘सुरक्षित’ म्हणूनच दिलं होतं. औषधांचे परिणाम लगेच कळत नाहीत, वीस वीस वर्षांनी वर येतात, आणि तोवर मागे वळून कुणी बघत नाही. साध्या पॅरासिटामॉलने ऑटिझम होतो हे तर आता सिद्धच झालं आहे. नैसर्गिक उपायांना असला धोका नसतो. तेव्हा दिवस गेल्याचं कळताच सगळ्या गोळ्या बंद करा.

मी औषधशास्त्र शिकवते. हा मजकूर सगळा खोटा असता तर चार ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण त्यात खरे तुकडे आहेत, आणि बायका घाबरतात त्या खऱ्या तुकड्यांनी. म्हणून एकेक मुद्दा घेते. जिथे तो बरोबर आहे तिथे बरोबर म्हणेन.

‘प्रत्येक गोळी वार ओलांडते’

वार म्हणजे भिंत नाही, इतकं यात खरं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरेच डॉक्टर तिला भिंतच समजत होते आणि त्या समजुतीची किंमत हजारो मुलांनी मोजली. लहान रेणूंची बहुतेक औषधं कमीअधिक प्रमाणात तिच्यातून पलीकडे जातात. पण सगळी जात नाहीत, आणि जाणारी सारखी जात नाहीत. इन्सुलिनचा रेणू मोठा असतो, तो जवळजवळ अलीकडेच राहतो. वॉरफॅरिन ओलांडतं, हेपारिन ओलांडत नाही. म्हणून रक्तात गुठळ्या होऊ नयेत यासाठी औषध लागणाऱ्या गरोदर बाईला बहुतेक वेळा हेपारिनची इंजेक्शनं देतात. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा मोठा भाग वारेतलं एक विकर (एन्झाइम) वाटेतच निष्क्रिय करतं आणि बाळाकडे आईच्या रक्तातल्या पातळीचा जेमतेम दहावा हिस्सा पोहोचतो. त्याच कुळातल्या बीटामेथासोनवर ते विकर फारसं चालत नाही. म्हणून अपुऱ्या दिवसांत बाळंतपण होण्याची चिन्हं असतील आणि बाळाची फुप्फुसं लवकर तयार करायची असतील, तर मुद्दाम बीटामेथासोन निवडतात. वार काय करते हे इतक्या बारकाईने माहीत आहे आणि उपचार त्या माहितीवरच बेतलेले आहेत.

औषध बाळापर्यंत पोहोचलं म्हणजे इजा झालीच, असंही नाही. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते. तोवर त्याच्या मेंदूला लागणारं थायरॉक्सिन आईकडूनच येतं. ज्या आईच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही, तिची रोजची गोळी वार ओलांडून पोहोचावी अशीच आपली इच्छा असते.

आणि औषध कोणत्या काळात घेतलं यावरही बरंच ठरतं. मज्जारज्जूची नळी, जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, बऱ्याच जणींना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. हातपाय, हृदय, टाळू यांची जडणघडण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. रक्तदाबाची ‘प्रिल’ने संपणारी औषधं, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे, सर्वाधिक नुकसान करतात ती पहिल्या तिमाहीनंतर, बाळाच्या मूत्रपिंडांचं. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं विसाव्या आठवड्यानंतर गर्भजल घटवू शकतात. मेंदूची वाढ मात्र पूर्ण नऊ महिने आणि जन्मानंतरही चालू राहते, त्यामुळे ‘पहिले तीन महिने काढले की सुटलो’ हा उलट्या बाजूचा दिलासाही मी कुणाला देत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका प्रतीला ए, बी, सी, डी, एक्स अशा अक्षरांची औषधांची यादी जोडलेली होती. ती अक्षरं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७९ मध्ये आणली होती. लोक त्यांच्याकडे परीक्षेतल्या श्रेणीसारखं पाहू लागले. ‘सी’ म्हणजे ‘बी’पेक्षा घातक, असा अर्थ घेऊ लागले, पण कित्येकदा ‘सी’चा अर्थ एवढाच असे की माणसांवरची माहिती पुरेशी नाही. या गोंधळापायीच २०१५ पासून त्या प्रशासनाने ही अक्षरं काढून टाकायला सुरुवात केली आणि त्यांच्या जागी प्रत्येक औषधाची सविस्तर माहिती लिहिणं बंधनकारक केलं. यादी मात्र अजून फिरते आहे.

‘थॅलिडोमाइडही सुरक्षित म्हणूनच दिलं होतं’

हो. १ ऑक्टोबर १९५७ ला ते पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं. झोपेसाठी, अस्वस्थपणासाठी आणि गर्भारपणातल्या मळमळीसाठीही ते खपलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये बाजारातून मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं त्याच्या खुणा घेऊन जन्मली होती. कुणाचे हात खांद्यापाशीच संपलेले, कुणाला कान नाहीत, कुणाचं हृदय बिघडलेलं. हे विसरावं असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण त्या गोष्टीतून ‘डॉक्टरांच्या शब्दाला अर्थ नाही’ एवढंच काढलं तर तिचा मोठा भाग हरवतो. गर्भारपणात ते निर्धोक आहे हे तेव्हा कुणी तपासलेलंच नव्हतं, नुसतं गृहीत धरलं होतं. संशय घेणारेही डॉक्टरच होते: जर्मनीत विडुकिंड लेंझ, ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड. अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी कंपनीचा दबाव असतानाही परवानगी रोखून धरली, कारण समोर आलेला पुरावा त्यांना अपुरा वाटत होता. १९६२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि औषध उपयोगी आहे हे विक्रीपूर्वी सिद्ध करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. जन्मजात व्यंगांची लाट पुन्हा नजरेतून सुटू नये म्हणून नॉर्वेने १९६७ पासून देशातल्या प्रत्येक जन्माची नोंद ठेवायला घेतली. स्वीडनने १९७३ पासून. आज एखाद्या औषधाबद्दल ‘लाखो गर्भारपणांत पाहिलं’ असं म्हणता येतं ते अशा नोंदवह्यांमुळे. १९५७ मधला ‘सुरक्षित’ आणि आजचा ‘सुरक्षित’ हे शब्द सारखे दिसतात, पण त्यांच्यामागे उभं असलेलं काम सारखं नाही.

आणखी एक तपशील. थॅलिडोमाइडने व्यंग यायचं ते साधारणपणे गर्भधारणेनंतरच्या २० ते ३६ दिवसांत घेतलं तर. इतकं भयंकर औषध, आणि त्याचीही वेळेची खिडकी इतकी अरुंद. ‘कुठलीही गोळी, कधीही’ या भाषेला ज्या उदाहरणाचा आधार घेतला आहे, ते उदाहरणच तिच्या विरोधात जातं.

‘परिणाम वीस वर्षांनी दिसतात आणि तोवर कुणी बघत नाही’

या मुद्द्यापाशी मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं, कारण याचा पहिला अर्धा भाग खरा असल्याचे दोन मोठे पुरावे आहेत.

पहिला डायइथिलस्टिलबेस्ट्रॉलचा. हे कृत्रिम स्त्रीसंप्रेरक १९३८ मध्ये तयार झालं आणि गर्भपात टळावा म्हणून १९४० च्या दशकापासून लाखो गरोदर स्त्रियांना दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागोतल्या मोठ्या चाचणीत दिसलं की ते गर्भपात मुळीच टाळत नाही. तरी ते देणं थांबलं नाही. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी आठ तरुण मुलींची माहिती प्रसिद्ध केली. त्या वयात सहसा न दिसणारा योनिमार्गाचा कर्करोग त्यांना झाला होता, आणि आठांपैकी सात जणींच्या आयांनी गर्भारपणात हे औषध घेतलं होतं. त्याआधी एका मुलीच्या आईनेच डॉक्टरांना विचारलं होतं, की मी तेव्हा घेतलेल्या गोळ्यांचा याच्याशी काही संबंध असेल का. माझ्या दृष्टीने औषधशास्त्राच्या इतिहासातला हा फार मोठा प्रश्न आहे. पुढे कळलं की हा कर्करोग औषधाच्या संपर्कात आलेल्या मुलींपैकी हजारात सुमारे एकीला होतो. त्याहून कितीतरी जास्त जणींना गर्भाशयाच्या बदललेल्या आकारामुळे मूल न राहणं, गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण हे सोसावं लागलं.

दुसरा पुरावा व्हॅलप्रोएटचा, आणि तो आजचा आहे. अपस्मारावर फार प्रभावी औषध. त्याने पाठीच्या कण्याचं व्यंग येऊ शकतं हे १९८२ मध्येच फ्रान्समधल्या लिऑनच्या नोंदींतून पुढे आलं होतं. हे औषध घेणाऱ्या आयांच्या शंभर बाळांपैकी सुमारे दहा जणांत जन्मजात व्यंग दिसतं; एरवी हे प्रमाण शंभरात दोन-तीन असतं. पण जन्मताना धडधाकट दिसलेल्या मुलांचं काय, याचं उत्तर यायला आणखी बरीच वर्षं गेली. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने अपस्माराची औषधं घेणाऱ्या आयांची मुलं जन्मापासून सहा वर्षांची होईपर्यंत पाहिली. सहाव्या वर्षी व्हॅलप्रोएटच्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक ९७ होता. कार्बामाझेपिनच्या गटाचा १०५, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइन या दोन्ही गटांचा १०८. व्हॅलप्रोएटचा डोस जितका मोठा, तितकी घट जास्त. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदींत व्हॅलप्रोएटच्या संपर्कातल्या मुलांमध्ये ऑटिझमच्या वर्णपटातलं निदान शंभरात सुमारे साडेचार जणांना मिळालं होतं, इतरांत सुमारे दीड. युरोपातल्या नियामकांच्या हिशेबाने या औषधाच्या संपर्कात आलेल्या दर शंभर मुलांपैकी तीस ते चाळीस जणांना बोलणं, शिकणं, लक्ष देणं अशा वाढीच्या कुठल्या ना कुठल्या अडचणी येतात. मूल होऊ शकेल अशा स्त्रीला, खात्रीशीर गर्भनिरोधनाची व्यवस्था असल्याशिवाय, हे औषध देऊ नये असा कडक नियम युरोपात आला तो २०१८ मध्ये. १९८२ ते २०१८. या मधल्या काळात ज्या आयांना कुणी काही सांगितलं नाही, त्यांचा संताप पूर्णपणे रास्त आहे. मजकूर लिहिणाऱ्याच्या मनात तोच संताप असेल तर तेवढ्यापुरती मी त्याच्या बाजूने आहे.

पण आकडे पुन्हा वाचा. ज्या अभ्यासाने व्हॅलप्रोएटला दोषी ठरवलं, त्यातच लॅमोट्रिजिनच्या मुलांचा बुद्ध्यंक १०८ आला. म्हणजे वर्षानुवर्षं मुलांच्या मागे जाऊन पाहिलं गेलं, आणि पाहिल्यावर औषधाऔषधांतला फरक उघडा झाला. ‘सगळ्या गोळ्या सारख्या’ म्हणणारा मजकूर नेमकं हेच हातचं घालवतो. माझ्या बहिणीने बंद केलेली गोळी व्हॅलप्रोएट नव्हती, लॅमोट्रिजिन होती. भीती तिने व्हॅलप्रोएटची घेतली. त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा होता. ज्या आयांनी गर्भधारणेच्या आसपासच्या काळात फॉलिक ॲसिड घेतलं होतं, त्यांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक १०८, न घेणाऱ्यांच्या मुलांचा १०१. फॉलिक ॲसिड हीसुद्धा गोळीच.

कुणी बघत नाही, हे तर सरळ चुकीचं आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला बीटामेथासोन द्यायची पद्धत न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी शोधली. त्यांचा निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या चाचणीतली मुलं तीस वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठून तपासलं गेलं: रक्तदाब, रक्तातली चरबी, मनाचं स्वास्थ्य, शिक्षण. औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत या बाबींत फरक नव्हता. साखरेच्या चाचणीत इन्सुलिनच्या पातळीत थोडा फरक दिसला, आणि तोही लपवला गेला नाही. एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून झिडोव्हुडिन दिल्यावर लागणीचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलं, हे १९९४ मध्ये जाहीर झालं. तिथे कुणी थांबलं नाही. लागण न झालेल्या मुलांची वाढ साधारण चार वर्षांच्या वयापर्यंत तपासून पाहिली गेली आणि औषधामुळे ती खुंटल्याचं दिसलं नाही.

उणीव आहे ती वेगळी. नव्या औषधांच्या चाचण्यांतून गरोदर स्त्रियांना दशकानुदशकं बाहेर ठेवलं गेलं, त्यामुळे माहिती जमा होते ती औषध बाजारात आल्यानंतर, हळूहळू. जुन्या, पुष्कळ वापरलेल्या औषधाबद्दल जितकं ठामपणे बोलता येतं तितकं नव्याबद्दल येत नाही. गर्भारपणात जुनं, माहितीतलं औषध निवडण्याकडे डॉक्टरांचा कल असतो तो यामुळे.

‘पॅरासिटामॉलने ऑटिझम होतो हे सिद्ध झालं आहे’

२२ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी व्हाइट हाउसमधून गरोदर स्त्रियांना हे औषध टाळायला सांगितलं. मजकुरातला ‘सिद्ध’ हा शब्द तिथून बळ घेऊन आला आहे. दोन दिवसांच्या आत युरोपीय औषध संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना दोघींनीही सांगितलं, की असा संबंध पुराव्याने प्रस्थापित झालेला नाही.

संशय मात्र हवेतून आलेला नाही. पॅरासिटामॉल जास्त घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझम किंवा अतिचंचलतेची निदानं किंचित अधिक दिसल्याचे अभ्यास आहेत. २०२१ मध्ये ९१ वैज्ञानिकांनी एकत्र येऊन सावधगिरीचं आवाहन केलं होतं. गरज असेल तेव्हाच, कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, असा त्यांचा सल्ला होता. ‘घेऊ नका’ असं त्यांनीही म्हटलं नव्हतं.

आता अडचण कुठे आहे ते पाहू. कुणी मौजेखातर पॅरासिटामॉल घेत नाही. ताप, संसर्ग, अर्धशिशी, अंगदुखी असते म्हणून घेतं. मग मुलात पुढे काही दिसलं तर ते गोळीमुळे, तापामुळे, की ज्या प्रवृत्तींमुळे आईला वारंवार दुखणी येतात त्या प्रवृत्ती मुलाकडे वारशाने आल्यामुळे? ऑटिझम आणि अतिचंचलता या दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. दोन वेगळ्या कुटुंबांची तुलना करून हा गुंता सुटत नाही.

स्वीडनच्या संशोधकांनी तो सोडवायचा एक चांगला मार्ग घेतला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेली जवळपास २४ लाख ८० हजार मुलं होती. सरसकट तुलनेत, दहाव्या वर्षापर्यंत ऑटिझमचं निदान, आईने पॅरासिटामॉल न घेतलेल्या मुलांत १.३३ टक्के आणि घेतलेल्यांत १.५३ टक्के. इतर फरक हिशेबात धरल्यावर जोखीम सुमारे ५ टक्क्यांनी जास्त दिसली. नीट पाहा, ही वाढ मूळच्या दीडेक टक्क्यावरची. शंभरातली आणखी पाच मुलं असा तिचा अर्थ नाही. मग त्यांनी सख्खी भावंडं घेतली. तीच आई, तेच घर, बरीचशी तीच जनुकं. एका गर्भारपणात गोळी घेतलेली, दुसऱ्यात नाही. या तुलनेत फरक नाहीसा झाला. ऑटिझमसाठी गुणोत्तर ०.९८, अतिचंचलतेसाठी ०.९८, बौद्धिक अक्षमतेसाठी १.०१. एक म्हणजे काहीच फरक नाही.

या अभ्यासावरही आक्षेप आहेत आणि ते मी झाकणार नाही. गोळी घेतल्याची नोंद फक्त साडेसात टक्के गर्भारपणांत होती, हे प्रमाण फार कमी वाटतं. ज्यांनी घेतली पण सांगितली नाही अशा आया ‘न घेतलेल्या’ गटात गेल्या असणार, आणि अशी चूक भावंडांच्या तुलनेत जास्त जाचते. त्यामुळे ‘धोका शून्य’ असं शपथेवर मी म्हणणार नाही. पण ‘सिद्ध झालं आहे’ हे वाक्य या पुराव्यापुढे टिकत नाही.

शिवाय ताप स्वतः निरुपद्रवी नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतला जोराचा ताप मज्जारज्जूच्या नळीच्या व्यंगांशी जोडलेला आहे. वेदना आणि तापासाठी गर्भारपणात जे पर्याय उरतात, त्यांत आयब्युप्रोफेनचं वर सांगितलंच. अंगात ताप असताना हा मजकूर वाचून गोळी ठेवून देणारी बाई बाळाला एका सिद्ध न झालेल्या धोक्यातून काढून माहीत असलेल्या धोक्यात ठेवते. ताप उतरत नसेल, गोळी रोज लागत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं ते तापाचं कारण शोधण्यासाठी.

‘नैसर्गिक उपायांना धोका नसतो’

यावर फार शब्द खर्च करत नाही. अ जीवनसत्त्व पूर्ण नैसर्गिक आहे, आणि मोठ्या मात्रेत ते गर्भाला व्यंग आणतं. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनोइन त्याच कुळातलं, आणि गर्भारपणात सर्वांत वर्ज्य औषधांपैकी एक. शिसं आणि पारा निसर्गातलेच. हे दोन्ही वार ओलांडतात आणि वाढत्या मेंदूला इजा करतात. काही पारंपरिक औषधांत ते सापडलेले आहेत. ज्या पुडीवर घटक आणि मात्रा लिहिलेली नाही, तिच्याबद्दल ‘कोणत्या आठवड्यात, किती’ हा प्रश्नच विचारता येत नाही. डॉक्टर औषधांबद्दल विचारतील तेव्हा काढे, चूर्णं आणि पूरक गोळ्यांचीही नावं सांगा.

‘कळताच सगळ्या गोळ्या बंद करा’

मजकुरातली ही ओळ मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण वाचणारी बाई तिच्यावर त्याच संध्याकाळी अंमल करू शकते.

औषध बंद केल्यावर आजार बंद होत नाही. अपस्माराची गोळी अचानक तोडली तर एकामागून एक झटके येऊ शकतात. त्यात आई पडते, बाळाचा प्राणवायू कमी होतो, आणि आईचा जीवही जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या मृत्यूंची चौकशी करून अहवाल काढतात. अपस्माराने गेलेल्या बायका त्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतात. व्हॅलप्रोएट घेणारीनेही उद्यापासून ते सोडायचं नाही. लगेच डॉक्टरांना गाठायचं आणि बदल त्यांच्या देखरेखीखाली करायचा. हा बदल दिवस जाण्याआधीच झालेला उत्तम.

थायरॉइडचं पाहा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गर्भारपणात थायरॉइडची कमतरता असूनही उपचार न झालेल्या ४८ स्त्रियांच्या मुलांचा सात ते नऊ वर्षांच्या वयात बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरी सात अंकांनी कमी भरला. (अगदी सौम्य कमतरतेत गोळी दिल्याने मुलांचा बुद्ध्यंक वाढतो असं नंतरच्या चाचण्यांत दिसलं नाही, हेही सांगायला हवं.) मजकुराला मुलांच्या मेंदूची काळजी आहे. मग त्याच मेंदूला लागणारी गोळी बंद करा असं तो सांगतो आहे, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

नैराश्याच्या बाबतीत बायका स्वतःला फार दोष देतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. २००६ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात नैराश्याचा जुना आजार असलेल्या ज्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या सुमारास औषध सोडलं, त्यांच्यातल्या ६८ टक्के गर्भारपणातच पुन्हा आजारी पडल्या. औषध चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. या औषधांमुळे काही नवजात बाळं सुरुवातीचे दिवस चिडचिडी, थरथरणारी असतात, बहुतेकदा ते आपोआप निवळतं. ऑटिझमच्या बाबतीत २०१७ मध्ये कॅनडा आणि स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासांनी इथेही भावंडांची तुलना केली आणि इथेही आधी दिसलेला संबंध उरला नाही. औषध ‘मन घट्ट करून’ सोडणारी आई बाळासाठी त्याग करते आहे असं तिला वाटतं, आणि पुढे न जेवणारी, न झोपणारी, जगण्याची इच्छा हरवलेली आईच बाळाच्या वाट्याला येते.

भीतीने औषध नाहीसं झालं तर काय होतं याचंही उदाहरण आहे. गर्भारपणातल्या उलट्यांवर डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे ब जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, यांची बेंडेक्टिन नावाची गोळी अमेरिकेत १९५६ पासून मिळत होती. तिने व्यंग येतं असे दावे झाले, खटले उभे राहिले. अभ्यासांत तसा दोष सापडत नव्हता, तरी १९८३ मध्ये कंपनीने ती मागे घेतली. त्यानंतर जन्मजात व्यंगांचं प्रमाण घटलं नाही. अति उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या गरोदर स्त्रियांचं प्रमाण मात्र वाढलं. तेच मिश्रण अमेरिकेत पुन्हा मंजूर झालं २०१३ मध्ये. तीस वर्षं.

त्या रात्री बहिणीला मी एवढंच सांगितलं की आत्ता स्वतःच्या मनाने गोळी परत सुरू करू नकोस, एकटी झोपू नकोस, आणि सकाळी पहिल्यांदा तुझ्या डॉक्टरांना फोन कर. लॅमोट्रिजिनमध्ये काही दिवसांचा खंड पडला तर कधी कधी ते पुन्हा लहान डोसपासून चढवत न्यावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. खंड किती झाला यावर ते ठरतं आणि ते ठरवणं डॉक्टरांचं काम. त्यांनी ती सुरू केली. रक्त तपासलं. गर्भारपणात शरीर लॅमोट्रिजिन नेहमीपेक्षा बरंच वेगाने बाहेर टाकतं, त्यामुळे तोच डोस घेऊनही रक्तातली पातळी खाली येते. तिचीही आली होती. डॉक्टरांनी डोस वाढवला आणि दर महिन्याला पातळी पाहायचं ठरलं. काल तिचा एकोणिसाव्या आठवड्याचा अहवाल आला. तिने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "सकाळची घेतली, रात्रीची गजर लावून घेते."